झाकणापासूनचं अंतर

२३ मार्च, रविवार. धुळे.

आले एकदाची! सकाळी साडेसहाला फैजपूरहून निघाले, जळगावला गाडी बदलली आणि बाराच्या आत धुळ्याच्या स्टँडवर उतरले. सोबत तीन बॅगा. एकीत कपडे. दुसरीत आईने कोंबलेले केळ्याचे वेफर्स, कळण्याच्या भाकरीचं पीठ आणि लोणच्याची बरणी. तिसरीत माझा खरा संसार: सोल्डरिंग गन, मल्टिमीटर, ब्रेडबोर्ड, वायरींची भेंडोळी आणि बिस्किटांच्या रिकाम्या डब्यांत भरलेले सेन्सर. कंडक्टरने ती बॅग उचलून पाहिली आणि यात विटा भरल्या आहेत का, असं विचारलं. मी म्हटलं, भाऊ, यात माझं डोकं आहे. तो हसला, पण बॅग जपून ठेवली.

सोडायला नाना आले होते. लेक पहिल्या नोकरीला निघाली म्हणून बापाने गंभीर चेहरा करायचा ठरवला होता, पण गाडी हलल्यावर खिडकीशी धावत येऊन त्यांनी चार्जर घेतला का एवढंच विचारलं.

खोल्या छान आहेत. देवपूरच्या टोकाला दुमजली घर. खाली मी, वर मालक अभिमन आबा आणि त्यांच्या पत्नी झुंबरअक्का. आबा सूतगिरणीतून निवृत्त झालेले. दोघंही अहिराणी बोलतात, मी आमच्याकडची बोली बोलते, त्यामुळे आमचं संभाषण म्हणजे दोन वेगळ्या स्टेशनांचा रेडिओ एकदम लागल्यासारखं. तरी समजतं सगळं.

टेबल खिडकीशी लावलं. बोर्ड, वायरी, वही. आता मी इथली.

२६ मार्च, बुधवार.

कॉलेज बरं आहे. पॉलिटेक्निकच्या इलेक्ट्रॉनिक्स लॅबमध्ये मी सहायक. उन्हाळ्यामुळे साडेसात ते एक. दीडला घरी. दुपारी इथे कुत्रंसुद्धा रस्त्यावर दिसत नाही. कूलर लावून पडायचं नाहीतर सोल्डरिंग करायचं. मी दुसरं करते.

लॅबमधले नवल सर माझ्यासारखेच वेडे निघाले. त्यांनी घरातल्या देवघराचा दिवासुद्धा मोबाईलवर लावला आहे. बायको बोलत नाही म्हणे त्यांच्याशी.

इथे नळ आठवड्यातून एकदा. म्हणून प्रत्येक घराला जमिनीखाली टाकी. आमची मागच्या अंगणात आहे: सिमेंटची, सात फूट खोल, वर लोखंडी झाकण. गंमत म्हणजे वरच्या मजल्यावरची माणसं तिचं पाणी वापरत नाहीत. आबांनी गच्चीवर वेगळी टाकी बसवली आहे आणि ती टँकरने भरतात. मी विचारलं, तर म्हणाले, "बठ्ठं पानी तुनंच शे पोरी, आम्हले नको." सगळं पाणी मलाच! मला वाटलं, भाडेकरूचं किती मन राखतात.

पाणी किती उरलं ते पाहायला रोज ते जड झाकण उचलायचं म्हणजे कंबर जायची. सेन्सर बसवावा.

३० मार्च, रविवार. पाडवा.

अक्कांनी वर बोलावून साखरेचं हारकंगन दिलं आणि पुरणपोळीचं ताट. नंतर मी दिवसभर मागच्या अंगणात.

काम झकास झालं. झाकणाशेजारी स्लॅबला जुन्या पाइपचं भोक होतं, त्यात सेन्सर तोंड खाली करून बसवला. हा सेन्सर म्हणजे दोन डोळ्यांसारख्या दोन डब्या. एक हाक मारते, माणसाच्या कानाला ऐकू न येणारी. दुसरी ती हाक पाण्यावर आपटून परत यायची वाट पाहते. जायला-यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर निघतं. वटवाघूळ करतं तेच. तिथून वायर खिडकीतून आत, टेबलावरच्या छोट्या बोर्डाला. बोर्डावर बोटभर स्क्रीन. सेकंदाला दहा वेळा मोजतो, स्क्रीनवर सेंटिमीटर दाखवतो आणि वेळेसकट मेमरी कार्डावर लिहून ठेवतो.

टाकी रिकामी असेल तर २१०. आज नळ आला होता, म्हणून ३८. आकडा वाढत गेला की पाणी कमी होतंय असं समजायचं.

आबा जिन्यात उभे राहून पाहत होते. मी हौसेने सगळं समजावलं. ते वर गेले आणि दार लावल्याचा आवाज आला.

२ एप्रिल, बुधवार.

सेन्सर नीट चालतो आहे, फक्त एक खोड आहे. कार्डावरचे आकडे लॅपटॉपवर घेऊन आलेख काढला. पाणी वापरलं की रेघ पायरी-पायरीने सरकते, तशीच सरकली आहे. पण रोज दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी एक खड्डा. आकडा एकदम ३१ वर येतो आणि परत जागेवर. म्हणजे त्या वेळी पाण्याऐवजी दुसरंच काहीतरी सेन्सरच्या तोंडाशी आलं, असा त्याचा अर्थ. सोमवारी चार सेकंद. काल अकरा. आज चाळीस.

ऊन तापून वायर सैल होत असेल. उद्या नवी टाकते.

४ एप्रिल, शुक्रवार.

वायर नवी. सेन्सरही नवा. तरी तेच.

आज दोनलाच बोर्ड घेऊन टाकीशी जाऊन बसले, डोक्यावर ओला पंचा. स्क्रीनवर ९६. ९६. ९६. दोन-दहाला ६०. मग ३१.

३१ म्हणजे एक वीत आणि वर थोडं. माझ्या पायाखाली, स्लॅबच्या एवढं जवळ काहीतरी होतं. मी झाकण उचललं. आत पाणी, दोन हात खाली, एकदम स्थिर. त्यात माझा चेहरा. स्क्रीनवर ९६.

झाकण लावलं. ३१.

उचललं. ९६. लावलं. ३१.

तीनदा केलं. बाहेर त्रेचाळीस डिग्री होतं आणि टाकीतून आलेल्या हवेने माझ्या हातांवर काटा आला. थंड हवा जड असते, खालीच राहते, वर येत नाही. हे मला शाळेपासून माहीत आहे.

मागे वळून पाहिलं तर वरच्या गॅलरीत अक्का. तोंडाला पदर. मी हात हलवला. त्या आत गेल्या.

६ एप्रिल, रविवार. रामनवमी.

आज जे झालं ते क्रमाने लिहिते, म्हणजे डोकं ताळ्यावर राहील.

सेन्सरला चार वायरी असतात. दोन विजेच्या. एकीतून बोर्ड त्याला सांगतो, हाक मार. चौथीतून तो बोर्डाला सांगतो, हाक परत आली. मी हाकेची वायर काढून टाकली. सेन्सर मुका झाला. आता परत यायला काही नाहीच. स्क्रीनवर शून्य यायला हवं.

दोन वाजेपर्यंत शून्य होतं.

दोन-दहाला ३१.

हाक मारली नव्हती. तरी उत्तर आलं.

मी पंधरा मिनिटं त्या आकड्याकडे बघत बसले. तो गेलाच नाही. संध्याकाळी नवल सरांना फोन केला. ते मोकळेपणाने हसले. म्हणाले, सुटी वायर म्हणजे अँटेना, आजूबाजूच्या विजेची गुणगुण ओढून घेते, विद्यार्थ्यांना तर पहिल्या आठवड्यात शिकवतो आपण. सेन्सर काढून टाक, त्या पिनला रेझिस्टर लावून जमिनीला जोड, आपोआप गप्प बसेल.

बरोबर आहे त्यांचं. मला हे सुचायला हवं होतं. बरं वाटलं.

७ एप्रिल, सोमवार.

सेन्सर काढला. तो ड्रॉवरमध्ये आहे. भोकात चिंधी कोंबली. बोर्डाला आता काहीच जोडलेलं नाही, नुसता बोर्ड आणि रेझिस्टर. मल्टिमीटर लावून पाहिलं, पिनवर शून्य व्होल्ट.

स्क्रीनवर ३१८.

दुसरा बोर्ड घेतला, नवा, पाकिटातून काढलेला. तोच प्रोग्राम टाकला.

३१८.

८ एप्रिल, मंगळवार.

चहा करायला उठले आणि सहज स्क्रीनकडे पाहिलं. ३१८ चं ३४० झालं, ३९०, ओट्याशी पोचले तेव्हा ४५५. कप घेऊन परत खुर्चीत बसले. ३१८.

बोर्ड टेबलावरच होता. मी हलले होते.

टेप काढला. टाकीच्या झाकणापासून खिडकीतून आत माझ्या खुर्चीपर्यंत, छातीच्या उंचीला धरून. तीन मीटर अठरा सेंटिमीटर. ओट्यापर्यंत साडेचार मीटर आणि पाच सेंटिमीटर.

मी टाकी मोजत होते. आता टाकीत जे आहे ते मला मोजतंय.

९ एप्रिल, बुधवार.

कॉलेजला गेले नाही. सकाळी अक्का खाली आल्या, पहिल्यांदाच. मागच्या दारातच उभ्या राहिल्या. आबा बाहेर गेले होते. त्या आधी टाकीकडे आणि मग माझ्याकडे बघत होत्या. मी तिथे काय बसवलं होतं ते त्यांनी विचारलं. मी सांगितलं: एक यंत्र, बारीक आवाज सोडतं, आवाज परत आला की पाणी कळतं. त्या मटकन उंबऱ्यावर बसल्या.

"म्हंजे तू हाक मारस त्याले," त्या म्हणाल्या.

मग सगळं सांगितलं. तीन वर्षांपूर्वी टाकी धुवायला उखर्डू नावाचा माणूस बोलावला होता. या भागातल्या सगळ्या टाक्या तोच धुवायचा. टाकी कोरडी होती. तो खराटा घेऊन आत उतरला. आबा वर उभे. आतून तो म्हणाला, "आबा, आजून खाले शे हाई." आबांना गंमत वाटली, सात फुटांची टाकी, खाली कुठून असणार. ते बादली आणायला चार पावलं गेले. आले तर टाकीत खराटा होता. उखर्डू नव्हता. चारही बाजूंना सिमेंट, तळाला सिमेंट. पोलीस आले, उतरून ठोकून बघितलं, माणूस कुठेतरी पळून गेला असं लिहून घेतलं. आबांनी कोणाला जास्त सांगितलं नाही. घर विकलं जाईना, म्हणून खालच्या खोल्या भाड्याने.

मी ओरडले त्यांच्यावर. म्हातारीवर. तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही मला त्या पाण्यावर ठेवलंत. त्या रडल्या नाहीत. म्हणाल्या, दोन भाडेकरू नीट राहून गेले, कारण ते टाकीशी बोलले नाहीत. "ते दखस नई, पोरी. आयकस."

दिसत नाही त्याला. ऐकतं.

सेकंदाला दहा. तासाला छत्तीस हजार. सात दिवस. मी त्याला साठ लाख हाका मारल्या आहेत.

१० एप्रिल, गुरुवार.

उखर्डूच्या बायकोला भेटून आले. बेबाबाई. दोन गल्ल्या सोडून राहते, पापड लाटते. आधी दार लावू लागली. मी म्हटलं, मलापण उत्तर आलंय. मग आत घेतलं.

नवरा गेल्यावर ती रोज दुपारी, पापडाचं काम आटोपून, टाकीशी येऊन झाकणाला तोंड लावून त्याला हाका मारायची. दोनच्या सुमारास. आबा-अक्का तिला अडवत नव्हते. आठ महिने. एक दिवस आतून आवाज आला. त्याचाच आवाज, अगदी त्याचाच. त्याने "बेबाबाई" म्हणून हाक मारली.

ती तिथून पळाली ती परत गेली नाही.

मी विचारलं, का? तुमचाच माणूस ना? तिने पोळपाट बाजूला ठेवला.

"मना मानूसनी वीस वरिसमा कधी मनं नाव लिधं नई," ती म्हणाली. वीस वर्षांत एकदाही त्याने तिचं नाव घेतलं नव्हतं. "तो मना मानूस नव्हता."

निघताना तिने माझा हात धरला. हाक मारायची थांबलीस ना, असं विचारलं. मी हो म्हटलं. मग पॉवर बँकेवर चालू ठेवलेला बोर्ड पर्समधून काढून बघितला. तिच्या घरापासून टाकी जवळजवळ दोनशे मीटर. स्क्रीनवर १९,४०६.

हा आकडा येऊच शकत नाही. माझा प्रोग्राम एका सेकंदापेक्षा जास्त वाट पाहत नाही. एका सेकंदात आवाज जाऊन-येऊन एकशे सत्तर मीटर. त्यापुढचं काही या बोर्डाला कळतच नाही. हा बोर्ड मोजत नाहीये. त्याला कोणीतरी सांगतंय.

११ एप्रिल, शुक्रवार. फैजपूर.

घरी पळून आले. नवल सरांना तब्येतीचं सांगितलं. अक्कांना किल्ली दिली.

पॉवर बँक लावून बोर्ड मांडीवर घेऊन बसले होते. गाडी धुळ्याबाहेर पडली तसा आकडा लाखांत गेला. पारोळा, एरंडोल, जळगाव. वाढत होता. इतका हलका जीव माझा कधी झाला नव्हता. घरी पोचले तेव्हा एक कोटी सोळा लाख सेंटिमीटर. एकशे सोळा किलोमीटर. सरळ रेषेत तेवढंच आहे, नकाशावर पाहिलं.

आईने तोंडावरून हात फिरवला. "काय झालं वं? जेवत नव्हती का तठी?" मी म्हटलं, ऊन लागलं.

१२ एप्रिल, शनिवार.

दुपारी दोनपर्यंत एक कोटी सोळा लाख.

संध्याकाळी सातला शहाण्णव लाख.

मी खाटेवरून हलले नव्हते.

पाच तासांत वीस किलोमीटर. तासाला चार. माणूस चालतो तेवढं.

१३ एप्रिल, रविवार.

आता सकाळीच निघालं.

बोर्ड फोडावासा वाटला, हातोडी घेतलीही होती. मग थांबले. बोर्ड फोडला तर आकडा जाईल. ते जाणार नाही.

एक गोष्ट कळली. जेवणं झाली, सगळे आडवे झाले, घर गप्प झालं, तेव्हा आकडा थबकला. वीस मिनिटं एकाच जागी. चुकल्यासारखा. मग आईने अंगणातून मला हाक मारली, हेमाऽ, आणि आकडा लगेच धावू लागला.

नाव घेतलं की त्याला दिशा कळते.

आईला सांगितलं, मला हाक मारू नकोस. ती हसली. मग तिने माझ्याकडे नीट पाहिलं आणि नानांना बोलवायला गेली. जाताना पुन्हा तेच, हेमा, पडून राहा, हेमा, पाणी पी —

बहात्तर लाख.

१४ एप्रिल.

नानांना सगळं सांगितलं. ऐकून घेतलं आणि डॉक्टरकडे जाऊ या म्हणाले. रागावले नाहीत. तेच वाईट वाटलं.

चाळीस लाख. जळगावच्या जवळ आलं. रस्त्याने नाही. सरळ. शेतांतून, विहिरींवरून, कसं कोण जाणे.

१५ एप्रिल.

डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या. घेतल्या नाहीत.

नऊ लाख. नऊ किलोमीटर. तापी ओलांडली असणार.

ते इथे आलं तर घरात आई आहे. नाना आहेत. आई दिवसातून शंभरदा कोणाला ना कोणाला हाक मारते.

ठरवलं. जिथे मला हाक मारणारं कोणी नाही तिथे जायचं. गप्प बसायचं. आवाज नाही, नाव नाही. परवासारखं चुकेल. चुकून पुढे निघून जाईल. एवढंच सुचतं आहे.

१६ एप्रिल, बुधवार.

स. ९.१५. घरची स्कूटी घेऊन निघाले. आईला सांगितलं, कॉलेजमधून बोलावणं आलंय. फोन घरीच ठेवला. वाजला असता.

स. १०.२०. केळीच्या बागा संपल्या. सातपुड्याच्या पायथ्याचं माळरान. एक घर नाही, विहीर नाही, गुरं नाहीत. स्कूटी लांब ठेवून चालत आले. मोठ्या दगडाला टेकून बसले आहे. बोर्ड समोर. सहा लाख.

मला वाटलं होतं घराकडे जाईल. माझ्याकडेच वळलं आहे. बरं झालं.

११.३०. दोन लाख. हलत नाही मी.

१२.२५. ९,०००. कमी होतोय, पण हळू. थांबतो, निघतो. थांबतो. शोधतंय.

१२.५०. १,१००. समोर काही नाही. ऊन. गवत पिवळं. हवा नाही. एक पानसुद्धा —

१.०५. २१२.

थांबला.

१.२०. २१२. दोन मीटर. त्या जागी बघते आहे. माती आहे. सावलीसुद्धा नाही. पण गारवा येतोय पायांना.

श्वास तोंडाने, सावकाश.

२०६. का? मी तर काही —

पेन.

थांबून पाहिलं. पाच मिनिटं लिहिलं नाही. आकडा तसाच. एक शब्द लिहिला, ५ ने कमी. पेनचा कागदावरचा आवाज ऐकतंय.

लिहायचं नाही. आता बंद.

१.४५. लिहावं लागतंय. खाली रस्त्यावर नानांची मोटारसायकल. शोधत आलेत, स्कूटी दिसली त्यांना. हाका मारतायत. हेमा. हेमाऽ.

आकडा वाढला. २३०. २६०. वाढतोय म्हणजे माझ्यापासून लांब — नानांकडे वळलं. ३४०.

नाही. नाही.

जोरात लिहिते. रेघा ओढते. ३३०. थांबलं. ऐकतंय दोघांना. नाना पुन्हा हाक मारतायत. ३९०.

पेनने होणार नाही. मी ओरडणार. माझंच नाव. लांब पळत ओरडणार, डोंगराच्या बाजूला. वही दगडाखाली ठेवते.

नाना, ही वही मिळाली की गप्प घरी जा. मला शोधायला माणसं आणाल. आणू नका. आणलीत तर गप्प या. रानात माझं नाव घेऊन हाका मारू नका. मी उत्तर दिलं तरी नका. माझाच आवाज असला तरी

ओरडले. एकदा. २८०. वळलं.

१९०.

आईला सांभाळा. तिला सांगा हाक

९०

तिला सांगा हा